एकतीस चष्मे

कुरिअर कंपनीच्या त्या शाखेत तिला सगळे ड्युटीबाई म्हणत. नव्याने कामाला लागलेल्यांना आधी वाटायचं, ही पूर्वी नर्स असावी. मग तिचा एखादा फोन कानावर पडला की नावाचा उलगडा व्हायचा. परदेशातून कुणाच्या नावे खासगी पार्सल आलं की त्या माणसाला फोन करायचा, कस्टमची ड्युटी किती बसली ते सांगायचं, तिच्यामागोमाग कंपनीची दलाली, कंपनीने ड्युटी आगाऊ भरली म्हणून तिचा वेगळा आकार आणि गोदामाचं रोजचं भाडं असे आकडे वाचून दाखवायचे, आणि मग समोरचा जे बोलेल ते निमूट ऐकून घ्यायचं, हे तिचं काम. अकरा वर्षं ती ते करत होती.

"अहो बाई, भेट आहे ती! भेटीवर कसला आलाय कर?" हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की समोरचा 'अहो' म्हणाला की पुढचं तिला पाठ असे. एका आजींच्या नातवासाठी तिकडून लोकरीचे मोजे आले होते. मोज्यांच्या किमतीच्या तिप्पट दलाली झाली. "तुम्हीच घाला ते," म्हणून आजींनी फोन आपटला. मोजे आले तसे परत गेले.

या सगळ्याला ड्युटीबाईकडे एकच उत्तर होतं, कंपनीने छापून दिलेलं: "सरकारी नियम आहे, आमच्या हातात काही नाही." त्यातली ड्युटी सरकारची होती हे खरं. बाकीचे तीन आकडे कंपनीचे होते. पण चारही एका दमात वाचले की ऐकणाऱ्याला सगळेच सरकारचे वाटत, आणि एका दमात वाचायचं हेच तिला शिकवलं होतं. आणखी एक गोष्ट होती. पार्सल कंपनीकडूनच सोडवून घेतलं पाहिजे असा कुठेही नियम नव्हता. कुणीही स्वतः कस्टमच्या शेडवर जाऊन, एक पानी अर्ज भरून, आपलं पार्सल आपण सोडवू शकत होतं. हे कुणी विचारत नसे, म्हणून कुणी सांगतही नसे.

संध्याकाळी घरी गेली की तिला फोनची घंटा सोसत नसे. नवऱ्याने बिचाऱ्याने आपल्या फोनचा आवाज कायमचा बंद करून ठेवला होता. त्यापायी त्याचे स्वतःचे निम्मे फोन हुकत, पण तो कधी चकार शब्द बोलला नाही.

त्या मंगळवारी तिच्यासमोर जो कागद आला त्यावर लिहिलं होतं: चष्मे, एकतीस नग. पत्ता, चष्म्याच्या दुकानाचा. कस्टमने पार्सल अडवून ठेवलं होतं, कारण एकतीस चष्मे कुणी नाकावर घालत नाही. व्यापारी माल ठरला की ड्युटी चढी, दलाली दुप्पट, आणि वर आयातीचा परवाना हवा.

तिने दुकानात फोन लावला. म्हातारा पण खणखणीत आवाज आला.

"बोला."

तिने सांगितलं. परवान्याचा क्रमांक मागितला.

"परवाना? माझ्याकडे दुकानाच्या पाटीचा परवाना आहे. तो चालेल?"

"नाही आजोबा, आयातीचा लागतो. परदेशातून माल मागवायचा."

"पण मी कुठे मागवलाय माल? माझ्या बहिणीचे चष्मे आहेत ते. ती गेली, दोन महिने झाले. भाचीने पाठवलेत."

ड्युटीबाईला फोनवर लोक काय वाटेल ते सांगत. ड्युटी चुकवण्यासाठी कितीतरी धडधाकट नातेवाईक तिच्या कानात वारले होते. तिने छापील वाक्य म्हणून टाकलं आणि चार आकडे वाचले. ते म्हणाले, "बाई, ते चष्मे मीच केलेत. इथेच, याच टेबलावर. माझ्याच कामाची ड्युटी मी भरायची?"

याला छापील उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही उद्या ऑफिसात या."

दुसऱ्या दिवशी शाखा उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बारीक स्क्रू पिळायचा पेचकस. काखेत एक जाडजूड वही. चष्मेवाल्या आजोबांनी ती टेबलावर उघडली. पानापानावर तारीख, डाव्या डोळ्याचा नंबर, उजव्या डोळ्याचा नंबर, फ्रेमचा रंग. पस्तीस वर्षांची पानं, आणि सगळी एकाच बाईची.

"छोटी लग्न होऊन तिकडे गेली तेव्हा मी म्हटलं, तू कुठेही जा, चष्मा माझाच घालायचा. दर वर्षा-दीड वर्षाने एक पाठवायचो. ती तिकडे डोळे तपासून नंबर कळवायची, मी काचा घासून फ्रेममध्ये बसवायचो. आत्तापर्यंत तीस झाले."

"कागदावर एकतीस लिहिलेत."

"भाचीने मोजण्यात चूक केली असेल."

भाचीने आणखीही एक घोळ घातला होता. पार्सल हरवलं तर भरपाई मिळावी म्हणून एकेका चष्म्याची किंमत तिने नव्यासारखी, तीही तिकडच्या भावाने लावली होती. आजोबांना ती म्हणाली होती, "मामा, काळजी करू नका, मी सगळं भरभक्कम लिहिलंय." त्या भरभक्कमपणाच्या हिशेबाने ड्युटी आणि दलाली मिळून आजोबांची चार महिन्यांची कमाई जाणार होती.

ड्युटीबाई कागद घेऊन साहेबांकडे गेली. शाखेचे साहेब वाईट माणूस नव्हते. वरून आलेला महिन्याचा आकडा पुरा करता करता ते नुसते वाळत चालले होते.

"एकतीस नग, पत्ता चष्म्याच्या दुकानाचा," साहेब म्हणाले, "आणि याला खासगी म्हणू? मला चष्मा लागलाय, पण इतका नाही. तपासणी लावा. बाहेरची कामं बघणारा रजेवर आहे, तेव्हा तुम्हीच जा शेडवर. आणि अधिकारपत्रावर म्हाताऱ्याची सही आधी घ्या. सहीशिवाय आपली दलाली लागू होत नाही."

शुक्रवारी सकाळी दोघं कस्टमच्या शेडवर पोचले. पत्र्याचं लांबलचक छप्पर, खाली सिमेंटची जमीन, तीन खिडक्या आणि त्यांतली एकच उघडी. रांगेत लोक आपापल्या खोक्यांवर बसले होते. कंपनीच्या गाडीने पार्सल आधीच आणून ठेवलं होतं. बुटांच्या खोक्याहून थोडं मोठं, आणि एवढ्याशा वस्तूला चिकटपट्टी किती गुंडाळली होती!

पार्सल कंपनीने सोडवावं असं लिहिलेलं अधिकारपत्र ड्युटीबाईने काढलं, पेन दिलं. आजोबांनी कागद नाकाजवळ नेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. अकरा वर्षांत तो कागद कुणी वाचलेला तिने पाहिला नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"बाई, एक विचारू? तुमची कंपनीच नसती, तर मी काय केलं असतं?"

फोनवर असती तर छापील वाक्य आपोआप आलं असतं. पण माणूस हातभर अंतरावर बसला होता, आणि तिला त्या वाक्याचाच इतका कंटाळा आला होता की ते तोंडातून निघेना.

"स्वतः सोडवलं असतं," ती म्हणाली. "त्या खिडकीवर पांढरा अर्ज मिळतो. तो भरून तपासणी मागायची. वापरलेल्या खासगी वस्तू आहेत हे तपासणी अधिकाऱ्याला पटलं तर ड्युटी नाही. दलाली तर नाहीच नाही. आमचं फक्त गोदामाचं भाडं द्यायचं."

"मग हा कागद?"

"यावर सही केलीत तर दलाली लागते."

आजोबांनी अधिकारपत्राची व्यवस्थित घडी केली आणि ते तिला परत दिलं. "तुम्हाला बोलणी बसतील ना?"

"बसतील," ती म्हणाली. "तुम्ही अर्ज आणा."

अर्ज तिनेच भरला, सही आजोबांनी केली. दीड तासाने नंबर लागला. तपासणी अधिकाऱ्याचे डोळे सकाळीच शिणलेले दिसत होते. टेबलावर आधीच्या कुणाच्या तरी खेळण्यातल्या गाडीची चाकं पडली होती, ती त्याने हाताने बाजूला सारली आणि पार्सलची चिकटपट्टी कापली.

आत मऊ फडक्यात गुंडाळलेले चष्मे होते. सुरुवातीचे जाड काळ्या फ्रेमचे, मग तपकिरी, मग सोनेरी तारेचे. काहींच्या काड्या वाकलेल्या, एकाची काडी दोऱ्याने बांधलेली.

"आजोबा, तुमचं दुकान आहे. हे विकायला मागवले नाहीत कशावरून?" अधिकाऱ्याने विचारलं. त्यात राग नव्हता. दिवसातून शंभरदा विचारायचा प्रश्न होता.

"हे दुसऱ्या कुणाला चालणारच नाहीत म्हणून," आजोबा म्हणाले.

त्यांनी पहिला चष्मा उचलला आणि हात लांब करून खिडकीच्या गजासमोर धरला. "हे बघा. डाव्या काचेतून गज सरळ दिसतो. आता उजवी. काच अशी फिरवली की गज तिरका होतो, इकडे, डावीकडे. तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर तिरका होता, लहानपणापासून. आता हा दुसरा घ्या. तसाच. हा तिसरा."

अधिकारी आधी नुसता बघत होता. पाचव्या चष्म्याला त्याने स्वतः हात पुढे केला. काच गजासमोर धरून फिरवली, गज तिरका झाला, तसा तो खुर्चीत जरा सावरून बसला. आजोबा नुसत्या नजरेने नंबर सांगत आणि ड्युटीबाई वहीतलं पान काढून तो जुळवून दाखवी. वर्षागणिक काच जाड होत गेलेली, तिरकेपणा मात्र तोच. रांगेतले दोघंतिघं खोक्यांवरून उठून बघायला आले. आजोबांचा आवाज आता चांगलाच खुलला होता. "हा घालून ती गाडी चालवायला शिकली. हा भाचीने दुधाच्या भांड्यात टाकला होता. हा बाथरूमात तिच्याच पायाखाली आला म्हणून वाकला, मला फोनवर किती ओरडली होती, जशी काही फ्रेम वाकली ही माझीच चूक!"

सव्वीस चष्मे असे झाले. सत्ताविसावा त्यांनी उचलला आणि गजासमोर न धरता डोळ्यांजवळ आणला. मग अठ्ठाविसावा. मग आणखी दोन. त्यांनी चारही चष्म्यांच्या नाकावर टेकायच्या पट्ट्या बोटाने चाचपल्या, काड्यांची टोकं पाहिली.

"काय झालं?" ड्युटीबाईने हळूच विचारलं.

"काही नाही."

खोक्यात आता एकच उरला होता, साध्याशा कापडी पिशवीत. फ्रेम पातळ, निळसर. आजोबांनी तो वळवून पाहिला. ही फ्रेम त्यांच्या वहीत नव्हती. काचांवर बारीक ओरखडे होते, पट्ट्या घामाने पिवळ्या पडल्या होत्या, उजवी काडी रोज कानामागे अडकवून सैल झाली होती. त्यांनी तो गजासमोर धरला. गज जवळजवळ होता तसाच राहिला.

"मोतीबिंदू काढला होता तिने," आजोबा म्हणाले. ते कुणाला सांगत होते कळेना. "ऑपरेशन झालं की नंबर उतरतो. मग माझे जाड काचांचे चष्मे कशाला लागणार? पाच वर्षं तरी झाली असतील. हे चार तिने घातलेच नाहीत."

अधिकाऱ्याने मान खाली घालून अर्जावर लिहायला सुरुवात केली. "ठीक आहे. एकतीस चष्मे, वापरलेल्या खासगी वस्तू, बाजारमूल्य शून्य."

"एकतीस नाही, सत्तावीस," आजोबा म्हणाले.

"अं?"

"हे चार नवीन आहेत. वापरलेले नाहीत. तुम्ही खोटं लिहू नका."

"अहो आजोबा, राहू द्या ना. चार चष्म्यांनी काय होतंय?"

"नियम आहे ना? नव्याला ड्युटी लागते ना? मग लावा."

अधिकाऱ्याने ड्युटीबाईकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "बरं, मग असं करा. हे इथूनच गेले होते ना? पाठवल्याच्या पोस्टाच्या पावत्या आणा. आपलाच माल परत आला म्हणून तरी सोडतो."

"पावत्या आहेत. एकूण एक आहेत," आजोबा म्हणाले, "पण आता घरी जाऊन त्या शोधायचं त्राण नाही मला. लिहा ड्युटी."

अधिकाऱ्याने चार चष्म्यांची किंमत जेवढी कमी धरता येईल तेवढी धरली. चारशे दहा रुपये झाले. आजोबांनी खिडकीवर भरले, पावती घेतली, आणि सगळे चष्मे पुन्हा एकेक करून फडक्यात गुंडाळले. निळसर चष्मा मात्र त्यांनी खोक्यात ठेवला नाही. तो शर्टाच्या खिशात गेला.

बाहेर बसथांब्यावर दोघं बराच वेळ उभी होती. ऊन तापलं होतं. ड्युटीबाईला वाटलं, काहीतरी बोलावं.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नसेल सांगितलं त्यांनी."

"ते कळतंय मला," आजोबा म्हणाले. "दर फोनला म्हणायची, दादा, तुझा चष्मा आहे म्हणून जग दिसतं. मीही वेडा, विचारायचो, बसतो ना नाकावर नीट? हो म्हणायची." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ऑपरेशनच्या वेळी घाबरली असेल. डोळ्याच्या बाबतीत ती फार भित्री होती. कुणी सोबत होतं की नाही, तेवढंच मनात येतंय."

बस आली. ती गर्दीची होती; आजोबा खोकं छातीशी धरून आत शिरले आणि दिसेनासे झाले.

सोमवारी साहेबांनी तिला आत बोलावलं. टेबलावर न सही झालेलं अधिकारपत्र होतं.

"तुम्ही कंपनीतर्फे गेला होतात की म्हाताऱ्यातर्फे?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"विचारलं तर सांगायचं असतं का सगळं? उद्या एकाने विचारलं की परवा दहा जण विचारतील. मग मी वर काय आकडा दाखवू, माझी जन्मतारीख?" साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अकरा वर्षं झाली हो तुम्हाला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं."

तिला लेखी ताकीद मिळाली. त्या वर्षीची पगारवाढ गेली. तिचे फोन यापुढे ऐकले जातील असंही पत्रात होतं. ती पत्र पर्समध्ये टाकून जागेवर येऊन बसली. घरी नवऱ्याला दाखवलं, तेव्हा त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "तू सांगितलंस ते खरं होतं ना?" ती म्हणाली, "हो." "मग झालं तर," म्हणून तो भांडी विसळायला उठला. पगारवाढीचा विषय दोघांनीही काढला नाही. मुलीच्या फीचा महिना जवळ आला होता, ते दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी परदेशातून एक फोन आला. बाईचा आवाज, घाईतला.

"माझं एक पार्सल होतं, चष्म्यांचं. मामांच्या दुकानाच्या पत्त्यावर. मिळालं का त्यांना?"

"मिळालं. शुक्रवारीच त्यांनी स्वतः सोडवलं."

"मामा फोनवर फार काही बोलले नाहीत, म्हणून विचारतेय." पलीकडचा आवाज खाली आला. "उघडून तपासलं असेल ना? त्यात एक निळसर फ्रेमचा होता का हो? आईचा. तो मी बाजूला काढून ठेवला होता, आणि आता घरात कुठेच सापडत नाहीये. तो मामांकडे जायला नको होता. आईने बजावलं होतं मला."

ड्युटीबाईच्या समोरच्या काचेपलीकडे साहेब कानाला फोन लावून बसले होते. ते ऐकत असतील, नसतीलही. खरं बोलल्याबद्दलची ताकीद अजून पर्समध्ये होती. आणि इथे खरं सांगायचं कुणाला, आणि कुणाच्या वाटचं?

"ताई," ती म्हणाली, "माझ्याकडे फक्त कागद असतो. कागदावर एकतीस नग लिहिलेत. कुठला रंग कुठला, ते तुमच्या मामांनाच ठाऊक. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही होतात का आईंजवळ?"



"होते. दोन्ही वेळा," भाची म्हणाली. "तुम्हाला कसं... म्हणजे मामांना कळलं."

"तेवढं त्यांना सांगा," ड्युटीबाई म्हणाली. "तुम्ही जवळ होतात, एवढंच. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा लावा फोन."

तिने फोन ठेवला. काचेपलीकडे साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणण्यासाठी हात उचलला, आणि मग तसाच खाली ठेवला. पुढचा कागद समोर होता: एक सायकलची गादी, भेट म्हणून आलेली. तिने पाणी प्यायलं, नंबर फिरवला आणि चार आकडे वाचले. या खेपेला एका दमात नाही, मध्ये थांबत थांबत. पहिला सरकारचा, बाकीचे कंपनीचे. समोरच्या माणसाने ऐकून घेतलं आणि तरीही 'अहो' म्हणून सुरुवात केलीच. ती खुर्चीला टेकली आणि ऐकत राहिली.